'क'च्या वहीत नसलेला धाकटा

छापखान्यात तिला सगळे शुद्धबाई म्हणायचे. तिला ते कधी लागलं नाही; आतून आवडायचंच. चौतीस वर्षं तिनं मुद्रितं तपासली. शाळेची पुस्तकं, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, मतदारांच्या याद्या, सगळं तिच्या खिडकीजवळच्या टेबलावरून जायचं आणि तिच्या लाल पेन्सिलीखालून निघाल्याशिवाय यंत्रावर चढायचं नाही. एकदा एका पुस्तकात वेलांटी चुकली, तर यंत्रावरचा माणूस म्हणाला, "बाई त्या दिवशी रजेवर असणार." आणि ती खरंच रजेवर होती.

घरात ती ताई. लग्न केलं नाही. का, हे विचारणारे हळूहळू थकले. घर दुमजली. खालच्या दोन खोल्यांत ती, वर थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी. मधे लाकडी जिना, आणि त्यावरून वरखाली जाणारी भांडी, वर्तमानपत्रं आणि कुरबुरी.

वहिनी टेलिफोन खात्यात होती. तीस वर्षं कानाला यंत्र लावून चौकशीच्या नंबरावर बसली. कुणी खोकत, कुणी रडत, कुणी तोंडात घास धरून आडनाव सांगायचं आणि तेवढ्यावरून वहिनी नंबर काढून द्यायची. बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी, लिहायला मात्र आनंदीआनंद. किराणाच्या यादीत तिचं 'दूध' कायम पहिल्या उकाराचं. शुद्धबाई ती यादी दुरुस्त करून मगच पिशवीत टाकायची.

"अहो ताई, दुकानदार ऱ्हस्व असलं तरी दूधच देतो," वहिनी म्हणायची.

"देत असेल. यादी माझ्या पिशवीतून जाते ना," शुद्धबाई म्हणायची.

असं सगळं बरं चाललं होतं. वहिनी निवृत्त झाली आणि तिला वेळ घालवायला काहीतरी हवं झालं, तिथून पुढचं बिनसलं.

त्याचं असं झालं. शुद्धबाईचा एक शोध चालू होता. अकरा वर्षांपूर्वी वडील आजारी पडले तेव्हा शेवटच्या आठवड्यात त्यांनी तिला जवळ बोलावून सांगितलं होतं, "धाकट्याचं बघ गं. कागदात कुठेतरी असेल." दादा तेव्हा खोलीत नव्हता. वहिनी औषध आणायला गेली होती. सांगितलं ते हिला, एकटीला. ही गोष्ट तिनं अकरा वर्षं दागिन्यासारखी जपली.

धाकटा म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. वडील सात वर्षांचे, त्यांची बहीण, म्हणजे शुद्धबाईची आत्या, नऊ वर्षांची आणि हा तीन वर्षांचा, तेव्हा गावात तापाची साथ आली होती. आई त्यात गेली. बाप बोटीवर नोकरीला, दूर. मोठी दोघं शेजाऱ्यांकडे अंथरुणाला खिळलेली. धाकट्याला साथीच्या इस्पितळात नेलं. बाप दीड महिन्यानं परत आला आणि इस्पितळात गेला, तर तिथल्या वहीत या आडनावाचा मुलगाच नव्हता. मेलेल्यांच्या यादीत नव्हता, बऱ्या झालेल्यांतही नव्हता. लोकांनी समजूत काढली, गर्दीत नोंद राहिली असेल, पोर गेलं असं समजा. बापानं समजलं. आत्यानं नाही. ती आता एक्क्याण्णव वर्षांची होती, वृद्धाश्रमाच्या खिडकीशी खुर्ची लावून बसायची आणि ही भेटायला गेली की पहिला प्रश्न तोच: "धाकट्याचं काही?"

शुद्धबाईनं शोध घेतला तो आपल्या पद्धतीनं. जुनी दप्तरं ठेवलेल्या सरकारी कचेरीत ती दर बुधवारी जायची. लांब टेबलं, पेनाला बंदी, फक्त पेन्सिल. मागणीची चिठ्ठी भरायची, मग कारकून वही आणून मऊ उशीवर ठेवायचा. आडनाव लिहिताना लोक कसे चुकतात याचा तिच्याएवढा अभ्यास कुणाचा असणार? त्यांचं आडनाव 'क'नं सुरू होतं, मधे 'र', वर एक अनुस्वार. कुणी अनुस्वार खातं, कुणी शेवटच्या अक्षराला 'ढ' करतं, कुणी काना जास्तीचा देतं. तिनं असे सात पाठभेद वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढले होते आणि इस्पितळाच्या, दफनभूमीच्या, बालकाश्रमांच्या वह्यांतून 'क'चा भाग साती पाठभेदांनिशी पिंजून काढला होता. कारकूनही कौतुकानं म्हणायचा, "बाई, तुमच्यासारखी शिस्त बघितली नाही." धाकटा मिळाला नाही. पण आपल्याला नाही मिळाला तो कुणालाच मिळायचा नाही, हा एक आधार होता.

एका बुधवारी वहिनी म्हणाली, "ताई, मी पण येऊ का? घरात बसून अंगाला मुंग्या येतात."

नाही कशी म्हणणार? कचेरी काही हिच्या बापाची नव्हती. वहिनी आली. पहिल्या दिवशी कारकुनाच्या गुडघेदुखीची चौकशी केली. अकरा वर्षांत शुद्धबाईला त्याला गुडघे आहेत हेसुद्धा जाणवलं नव्हतं. दुसऱ्या बुधवारी त्यानं वहिनीसाठी खिडकीजवळची खुर्ची पुसून ठेवली. तिसऱ्या बुधवारी वहिनी आलीच नाही. परस्पर आत्याकडे गेली.

तिथं तिनं आत्याला काय विचारलं, तर, "आत्या, धाकटा बोलायचा कसा हो?"

अकरा वर्षांत शुद्धबाईनं आत्याला जन्मतारीख विचारली होती, इस्पितळाचं नाव, त्याला न्यायला गाडी कोणत्या दारानं आली, सगळं विचारलं होतं. हे नव्हतं विचारलं.

आत्या म्हणे हसली. "बोबडा होता गं. कावळ्याला तावळा म्हणायचा. राजाला लाजा. मी अक्का, तर मला अत्ता. दिवसभर अत्ता, अत्ता."

पुढच्या बुधवारी वहिनीनं चिठ्ठीवर बालकाश्रमाची 'त'ची वही मागितली. शुद्धबाई शेजारीच बसली होती. तिनं चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "वहिनी, अक्षर चुकलंय. 'क' हवा."

"नाही हो ताई. तीन वर्षांच्या पोरानं आडनाव सांगितलं असेल तर काय सांगितलं असेल, तेच बघते."

वही आली. पाऊण तास गेला. मग वहिनीनं नुसतं बोट ठेवलं. 'क'च्या जागी 'त', 'र'च्या जागी 'ल', अनुस्वार मात्र जिथल्या तिथं. मुलगा, वय अंदाजे तीन, साथीच्या इस्पितळातून जागा नसल्यामुळे पाठवला, पालकांचा पत्ता नाही.

वहिनीचे डोळे भरून आले होते. "ताई, जिवंत होता हो," ती कुजबुजली. "बरा होऊन गेला होता."

शुद्धबाईला खरं तर रडू यायला हवं होतं. तिच्या घशात आलं ते वेगळंच होतं. कडू, गरम. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण तिनं आयुष्यात शंभरदा तपासली असेल. अर्थ त्या दिवशी कळला. तिनं आपली वही काढली आणि उगाच मागची पानं चाळू लागली. सातव्या वर्षीच्या पानावर तिचा हात थांबला. इस्पितळातून बाहेर पाठवलेल्या त्रेचाळीस मुलांची एक सुटी यादी तिनं तेव्हा उतरवून घेतली होती. एकोणिसाव्या ओळीत तेच नाव होतं, 'त'चं. आणि त्यापुढे तिच्याच सुबक अक्षरात: संबंध नाही.

तिनं वही मिटली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

दादानं संध्याकाळी वहिनीला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. "अकरा वर्षं हिनं 'क' गिरवला आणि तू चार आठवड्यांत..." तो बोलता बोलता थांबला, कारण बहिणीचं तोंड त्याला दिसलं. पण बाण सुटला होता. वहिनीच म्हणाली, "अहो, ताईंनी सगळा 'क' संपवून ठेवला होता म्हणून मी 'त'कडे गेले." हे समजूतदार बोलणं शुद्धबाईला जास्त झोंबलं. शिव्या परवडल्या असत्या.

मग वहिनीनं टेलिफोनच्या जुन्या मैत्रिणींना धरून त्या 'त'च्या आडनावाची अठरा घरं काढली, वेगवेगळ्या गावांतली, कोण काय करतं यासकट, आणि अठरा पत्रं लिहिली. मजकूर शुद्धबाईकडे तपासायला आणला नाही. घाईत राहिलं, एवढंच. पण हिनं ते मनात ठेवलं. एकेक उत्तर येऊ लागलं: आमचा संबंध नाही, आम्हाला माहीत नाही, शुभेच्छा.

दारातल्या पत्रपेटीची किल्ली शुद्धबाईकडे असायची. एका सोमवारी पेटीत जाडसं पाकीट निघालं. वर पत्ता आणि फक्त आडनाव. बाईंचं की भावजयीचं, काही नाही. आडनावातही अनुस्वार राहून गेलेला. आडनाव काय, तिचंही तेच होतं. तिनं उभ्या उभ्याच ते फोडलं.

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका बाईचं पत्र होतं. तिनं लिहिलं होतं की तिचे वडील बालकाश्रमात वाढले, पुढे सायकली दुरुस्त करायचे, चार वर्षांपूर्वी वारले. "त्यांना एक बहीण होती एवढंच त्यांना आठवायचं. तिला ते अत्ता म्हणायचे. आम्हाला वाटायचं तेच तिचं नाव. ते आम्ही कुणाला कधी सांगितलेलं नाही, म्हणून तुमच्या पत्रात तो शब्द वाचून मी खाली बसले." पुढे असं की नातेवाईक असल्याचं सांगून वडिलांना दोन वेळा लोकांनी फसवलं होतं, म्हणून ती फोन नंबर देत नव्हती. येत्या गुरुवारी ती काचांचा माल घ्यायला या गावात येणार होती. बसस्थानकासमोरच्या चहाच्या दुकानात साडेअकरा ते दीड बसेल. यायचं असेल तर यावं.

शुद्धबाईनं पत्र तीनदा वाचलं. वरून वहिनीचा आवाज आला, "ताई, पत्र आहे का काही?"

"नाही," ती म्हणाली.

तो शब्द इतका सहज निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिनं मनाशी बेत केला आणि बेताला चांगली नावंही दिली. आपण जाऊ, खात्री करून घेऊ, उगाच आत्याला आशा लावायला नको. पण आतली गोष्ट तिला ठाऊक होती. चष्मेवालीला हाताला धरून आत्याच्या खिडकीशी आपण उभं करायचं होतं. वडिलांनी सांगितलं होतं ते आपल्याला.

गुरुवारी ती इस्त्रीची साडी नेसून, आपली वही घेऊन गेली. चष्मेवाली कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. पन्नाशीची, ठेंगणी, हनुवटी थेट शुद्धबाईच्या वडिलांची. शुद्धबाईच्या काळजात लख्खकन काहीतरी हललं. तिनं तेव्हाच मिठी मारली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण समोर बसता बसता तिच्या मनात आलं, ही हनुवटी वहिनीनं शोधली. आणि तिनं वही उघडली.

"वडिलांचा आश्रमातला दाखला आहे?"

"घरी आहे. आणला नाही."

"जन्मसाल कोणतं लावायचे?"

चष्मेवालीनं सांगितलं. आणखी चार प्रश्नांची उत्तरं दिली. मग विचारलं, "पत्र तुम्हीच लिहिलं होतं का? त्यात आत्यांबद्दल किती छान..."

"पत्र आमच्या वहिनींनी लिहिलं. त्या बाहेरच्या आहेत, लग्न होऊन आलेल्या. मूळ शोध माझा आहे." आणि मग शुद्धबाईनं ते वाक्य उच्चारलं. "आता पहिलं काम म्हणजे तुमचं आडनाव दुरुस्त करून घ्यायला हवं. ते चुकीचं आहे. कुणा बेफिकीर कारकुनानं चुकीचं लिहिलं. मूळ 'क' आहे."

चष्मेवालीनं कप खाली ठेवला. "चुकीचं?"

"म्हणजे अशुद्ध."

"माझ्या वडिलांनी या आडनावानं शाळा केली, दुकान काढलं, आम्हाला वाढवलं. दगडावर तेच कोरलंय. ते चुकीचं?"

"भावनेचा प्रश्न नाही हा. नोंदीचा आहे."

"बाई," चष्मेवाली उठत म्हणाली, "माझ्या वडिलांना जन्मभर कुणी आपलं म्हणून शोधायला आलं नाही. आणि आज आलं ते चूक काढायला." तिनं मालाची पेटी उचलली आणि ती गेली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

घरी आल्यावर तिनं साडी बदलली, कपाळावर बाम चोळला आणि पडून राहिली. वर वहिनी दादाला सांगत होती, "अठरातली पंधरा उत्तरं आली. तिघांची राहिलीत. मला त्यातल्या चष्मेवालीची फार आशा वाटते." शुक्रवार गेला, शनिवार गेला. शुद्धबाईला जेवण गोड लागेना. मत्सर माणसाला आतून पोखरतो म्हणतात. तिला तर तो बाहेरूनही दिसेल असं वाटायला लागलं, शाईच्या डागासारखा.

रविवारी तिघंही आत्याकडे गेली. आत्या खिडकीशीच होती. पहिला प्रश्न आला.

"अजून पत्र नाही हो आत्या," वहिनी तिचा हात चोळत म्हणाली. "पण येईल. माझा कान सांगतो."

"येईल, येईल," आत्या म्हणाली. "मला काय घाई आहे."

एक्क्याण्णव वर्षांच्या बाईनं घाई नाही म्हणावं हे शुद्धबाईला सोसलं नाही. तिनं पर्स उघडली आणि पत्र आत्याच्या मांडीवर ठेवलं. "सोमवारीच आलंय. मी लपवलं. मी तिला भेटलेसुद्धा. आणि तिला दुखवून परत पाठवलं." आणि मग थांबता येईना म्हणून तिनं सगळंच सांगितलं. एकोणिसावी ओळ, संबंध नाही, सगळं.

दादा खिडकीबाहेर बघू लागला. वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. पत्र दादानं वाचून दाखवलं. 'अत्ता' आलं तिथं आत्यानं हात वर केला.

"परत वाच."

त्यानं परत वाचलं.

"वारला का?" आत्यानं विचारलं.

"हो आत्या. चार वर्षांपूर्वी."

आत्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे एक्क्याऐंशी वर्षांचा होऊन." तिनं डोळे पुसले. "सायकली दुरुस्त करत होता. मुलगी आहे त्याला. अगं, मी त्याला अजून तीन वर्षांचाच धरून बसले होते. रोज वाटायचं, त्या पोराला पांघरूण कुणी घातलं असेल." मग ती शुद्धबाईकडे वळली. "तू लहानपणीही अशीच होतीस. दादाला खाऊ मोठा मिळाला की स्वतःचा टाकून द्यायचीस. जा आता. तिला घेऊन ये."

वहिनी दोन दिवस खाली आली नाही. मंगळवारी सकाळी जिन्यावरून उतरली ती पायांत वहाणा घालूनच. "चला ताई. आठची बस आहे." बसमध्ये तीन तास दोघी शेजारी बसल्या. निम्मी वाट झाल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, "तुम्ही मला बाहेरची म्हणालात, ते मात्र मला लागलं. अडतीस वर्षं झाली हो मला या घरात."

"चुकलं माझं," शुद्धबाई म्हणाली. हा शब्द ती जन्मभर दुसऱ्यांच्या कागदाशेजारी लिहीत आली होती. स्वतःसाठी वापरताना तो जड गेला.

चष्म्याचं दुकान बाजाराच्या कडेला होतं. दोन पायऱ्या, काचेच्या खिडकीत ओळीनं मांडलेल्या चौकटी. वहिनी म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा. मी आधी बोलते."

शुद्धबाई फुटपाथवर उभी राहिली. चौकटींच्या फटींतून आतलं दिसत होतं. चष्मेवालीचे हात आधी घडी घातलेले होते. वहिनी काहीतरी सांगत होती, हातवारे करत. घडी सुटली. मग चष्मेवालीनं स्टूल पुढे सरकवलं. मग दोघी एकदम हसल्या, आणि हसता हसता चष्मेवालीनं डोळ्याला रुमाल लावला. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. बाहेर उभ्या बाईच्या मनात पुन्हा तेच कडू आलं. आपण चूक कबूल केली, तीन तास बसचे धक्के खाल्ले, आणि अजून हे जात नाही, म्हणून तिला स्वतःचीच चीड आली. पण होतं ते होतं.

मग चष्मेवाली स्वतः दारात आली. "आत या. उन्हात किती वेळ उभ्या राहणार?"

शुद्धबाई पायरीवरच थांबली. "मी तुमच्याशी वाईट वागले. खरं कारण आडनाव नव्हतंच. तुम्हाला मी शोधायला हवं होतं आणि यांनी शोधलं, हे मला सहन झालं नाही."

चष्मेवालीनं तिच्याकडे नीट बघितलं, नंबर तपासताना बघतात तसं. "हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी दुसरा चहा मागवला असता," ती म्हणाली, आणि आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आली.

डब्यात आश्रमाचं कार्ड होतं. पिवळं, कडा झिजलेल्या. शुद्धबाईनं सवयीनं पर्समधलं भिंग काढलं. नाव. आडनाव, 'त'नं. वय. आणि खाली बारीक छापलेला एक रकाना: नाव कोणी सांगितले. पुढे शाईनं लिहिलं होतं, मुलाने स्वतः. विचारले तितक्या वेळा हेच सांगितले.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. अकरा वर्षं ती ज्या बेफिकीर कारकुनाला मनातल्या मनात शिव्या देत होती, तो बेफिकीर नव्हताच. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं होतं. आणि ताप उतरलेलं, एकटं, तीन वर्षांचं पोर पुन्हा पुन्हा न चुकता आपलं आडनाव सांगत होतं.

"काय झालं ताई?" वहिनीनं विचारलं.

"बरोबर आहे," शुद्धबाई म्हणाली. "आडनाव बरोबर आहे. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही." आणि मग तिला रडू आलं, त्या दिवशी कचेरीत यायला हवं होतं ते.

पुढच्या रविवारी चष्मेवाली आली. आत्यानं तिची हनुवटी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग म्हणाली, "म्हण बघू एकदा. तो म्हणायचा तसं." चष्मेवाली लाजली, पण तिनं "अत्ता" म्हटलं. आत्यानं डोळे मिटून ते ऐकलं आणि म्हणाली, "हां. असंच." त्यानंतर आत्या दीड वर्ष जगली आणि त्या काळात तिनं तो पहिला प्रश्न कुणाला विचारला नाही. त्याऐवजी सायकलींचं विचारायची: दुकान केवढं होतं, गिऱ्हाईक यायचं का, हात काळे करून जेवायला बसायचा का.

घराण्याचा तक्ता शुद्धबाईनं स्वतः लिहून काढला. त्यात एका फांदीवर आडनाव 'क'नं आणि शेजारच्या फांदीवर 'त'नं आहे, आणि कुठंही तळटीप नाही. शोध कुणी लावला या ओळीत तिनं वहिनीचं नाव लिहिलं. लिहायला तिला दोन दिवस लागले, आणि दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचं नाव खाली घातलं ते जरा मोठ्या अक्षरात.

आता दर रविवारी दहा वाजता वर टेलिफोन वाजतो. शुद्धबाई नेमकी त्या वेळेला वर्तमानपत्र मागायला वर गेलेली असते आणि यंत्र आधी तीच उचलते. चष्मेवाली विचारपूस करते, डोळ्यांना कसं आहे विचारते, आणि मग म्हणते, "वहिनी आहेत का जवळ?"

"आहेत ना," शुद्धबाई म्हणते. पण यंत्र लगेच देत नाही. आधी पावसापाण्याचं विचारते, दुकानाचं विचारते, मुलांच्या परीक्षांचं विचारते. वहिनी शेजारी हात पुढे करून हसत उभी असते, आणि तिला उभीच ठेवून शुद्धबाई आणखी एक प्रश्न विचारते.